फेरेट बिळातच बसून राहिल्यास

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात फेरेट (मुंगसासारखा लांबट, पाळीव शिकारी प्राणी) बिळात सोडून, बिळांच्या तोंडांवर लावलेल्या जाळ्यांत ससे धरताना सर्वांत अधिक वेळ वाया जातो तो फेरेटने बिळातच ससा मारून त्याच्यापाशी ठाण मांडल्यावर. अशा वेळी अंदाजाने खड्डे खणत बसण्यापेक्षा फेरेटच्या गळ्यातील लोकेटर पट्ट्याची (तो जमिनीखाली कुठे आहे याचा संकेत हातातील यंत्राला देणाऱ्या पट्ट्याची) तयारी आधीच नीट करावी.

१. पट्ट्यात नवी बॅटरी घालून हातातील यंत्रावर संकेत येतो, याची दर वेळी खात्री करावी.

२. पट्टा डोक्यावरून निसटणार नाही इतका घट्ट, पण करंगळी आत जाईल इतका सैल बांधावा. मोकळे टोक झाडांच्या मुळांत अडकते, म्हणून ते चिकटपट्टीने गुंडाळावे. हे एक मिनिटाचे काम मी कधीही टाळत नाही.

३. फेरेट बाहेर न आल्यास काही वेळ शांत थांबावे, मग यंत्र जमिनीलगत सावकाश फिरवून संकेत सर्वांत तीव्र असेल तेथे दगड ठेवावा आणि थोडे बाजूने खणावे. बिळांच्या तोंडांवरील जाळी मात्र काढू नयेत, कारण खणण्याच्या धक्क्याने आत उरलेला ससा बाहेर पळतो.

शेवटची वीतभर माती कुदळीने नव्हे, हातानेच काढावी, अन्यथा फेरेटला इजा होते.