न सांगता उतरणारे सेल

आईच्या बीपीच्या मशीनला चार पेन्सिल सेल लागतात. सकाळ-संध्याकाळ मोजायचं म्हटल्यावर साधे सेल किती आणणार, म्हणून मी आधी निकेलचे रिचार्जेबल आणले. रात्रभर चार्ज करून घातले, तरी पट्टा अर्धा फुगला की पडद्यावर रिकाम्या बॅटरीची खूण. "मशीन म्हातारं झालं गं, माझ्यासारखंच," असा आईचा निकाल. मशीनला काही झालं नव्हतं. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, निकेलचा १.२ चा. चार मिळून ६ व्होल्ट हवेत तिथे ४.८ मिळत होते. बरीच उपकरणं तेवढ्यावर चालवून घेतात, हे मशीन घेत नव्हतं.

मग लिथियमचे रिचार्जेबल सेल आणले. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे घरात नवीन काही आलं की आधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बाहेर निघतो. पूर्ण भरलेला सेल: १.५. दोन आठवडे वापरलेला सेल: तरीही १.५. यातच या सेलांचा गुण आहे आणि यातच खोडही.

लिथियम-आयन सेल मुळात १.५ व्होल्टचा नसतोच. तो ३.६-३.७ चा. पूर्ण भरला की ४.२ वर जातो, उतरला की ३ च्या आसपास येतो. मोबाइलमधली बॅटरी याच घराण्यातली. पेन्सिल सेलच्या आकारात तो बसवताना टोकाशी एक चिमुकलं सर्किट घालतात आणि ते आतलं जास्तीचं व्होल्टेज उतरवून बाहेर नेमकं १.५ देतं. साधा सेल १.६ ने सुरू होतो आणि दमत दमत १ पर्यंत घसरतो. टॉर्च पिवळी पडते, खेळण्यातली गाडी रांगायला लागते, आपण समजतो की सेल आणायची वेळ झाली. लिथियमवाला बहुधा शेवटपर्यंत ताठ चालतो आणि खटकन बंद पडतो. उपकरणाची बॅटरीची खूण तोपर्यंत बहुधा 'फुल'च दाखवत असते, कारण ती व्होल्टेज बघूनच अंदाज बांधते.

म्हणून सेल घालण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हे मध्येच बंद पडलं तर काय होईल?

माउस बंद पडला तर मी चिडेन, बस्स. गेमचा कंट्रोलर, मोटरवाली खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश, दाढीचं ट्रिमर, बीपीचं मशीन, सगळीकडे खुशाल घाला. जिथे मोटर किंवा पंप आहे, दमलेल्या सेलाने काम मंदावतं, तिथेच यांचा खरा फायदा. आईचं मशीन आता पहिल्या झटक्यात पट्टा फुगवतं. एकदा मात्र ऐन मोजताना गेलंच. तेव्हापासून चार भरलेले सेल मशीनच्या पिशवीतच असतात.

धुराच्या अलार्ममध्ये हे घालू नका. सेल उतरायला लागला की तो अलार्म अधूनमधून टिक-टिक करून सांगतो, आणि ते त्याला घसरत्या व्होल्टेजवरूनच कळतं. इथे घसरण दिसतच नाही, म्हणजे इशाराही नाही. दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलुपाचंही तसंच. इशारा न देता बंद पडलं तर आपण बाहेर आणि घर आत. या दोन्हींसोबत आलेल्या कागदावर कोणता सेल घाला ते लिहिलेलं असतं, तोच घालावा.

भिंतीवरच्या घड्याळात घालणं म्हणजे हौस. घड्याळ इतकी कमी वीज खातं की साधा सेल वर्षभर आणि वर सहज जातो. उलट लिथियम सेलमधलं सर्किट काहीच चालू नसतानाही स्वतःसाठी थोडी वीज खात राहतं. रिमोटचंही तेच. माझ्या घड्याळाला साधाच सेल आहे, बदलल्याची तारीख मागे पेन्सिलीने लिहिलेली. रेडिओचं आणखी वेगळं: ते सर्किट फार वेगाने उघड-मीट करतं आणि मीडियम वेव्हवर त्याची घरघर ऐकू येऊ शकते. आमच्या रेडिओत येते. त्यात निकेलचे सेल टाकले आणि शांतता झाली.

विकत घेताना नुसता आकार बघू नका. माझ्या भाच्याने एकदा टॉर्चसाठी "मावशी, अगदी तसेच आहेत" म्हणत दोन सेल आणले. बाहेर १४५०० छापलेलं. म्हणजे १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब, पेन्सिल सेलचं जुळं भावंडंच, पण आत नुसता लिथियम सेल, व्होल्टेज उतरवणारं सर्किट नाही. ३ व्होल्टच्या टॉर्चला ८ च्या वर मिळाले. बल्ब एकदा झगझगीत लखलखला, तेवढंच. टॉर्च होती म्हणून हसलो. आईचं मशीन असतं तर हसलो नसतो. पाकिटावर १.५ व्होल्ट स्पष्ट लिहिलेलं हवं. शंका वाटली तर मल्टिमीटरने मोजा: १.५ च्या आसपास असेल तर ठीक, ३ किंवा त्याच्या वर दिसलं तर तो सेल घरातल्या उपकरणांसाठी नाही. (काटा किंवा बटण व्होल्टवर आहे ना ते आधी बघा. अँपियरवर ठेवून सेलला टोकं लावली की थेट शॉर्ट होतं. दर वर्षी निदान एक विद्यार्थी ते करून माझं मीटर जाळायचा.)

आणि 'लिथियम' लिहिलंय म्हणजे रिचार्जेबल असंही नाही. एकदाच वापरायचे लिथियम पेन्सिल सेलही मिळतात, चपटा सीआर २०३२ सुद्धा त्यातलाच. ते चार्ज करायला जाऊ नका.

आकड्यांचीही एक गंमत आहे. निकेलच्या सेलवर २००० लिहिलेलं असतं ते मिलिअँपियर-तासांत, म्हणजे विद्युतभाराच्या मापात. लिथियमवर ३००० असतं ते बहुधा मिलिवॅट-तासांत, म्हणजे ऊर्जेच्या मापात. तुलना करायची तर ३००० ला व्होल्टेजने, म्हणजे १.५ ने भागा, २००० मिलिअँपियर-तास येतील. व्होल्टेज उतरवताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून हातात त्याहून थोडं कमीच पडू शकतं. म्हणजे सेल जास्त दिवस चालेल या आशेने हे घेऊ नयेत. घ्यायचे ते व्होल्टेजसाठी.

चार्जिंग सोपं आहे, पण निकेलच्या जुन्या चार्जरमध्ये यांना घालू नका. काही सेलांच्या अंगावरच यूएसबीचं भोक असतं, काहींसोबत स्वतःचा चार्जर येतो. जे आलंय तेच वापरायचं. मी ओट्याच्या दगडावर ठेवून चार्ज करते, गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर कधीच नाही, आणि जागी असतानाच. कोमट लागला तर चालतं. हातात धरवेना इतका तापला तर वायर काढायची आणि सेल पेटण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवायचा.

चार सेलांचा एक संच ठरवून टाका आणि ते कायम एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. एकात निकेल, दुसऱ्यात लिथियम, तिसरा कुठला तरी जुना अशी खिचडी केली की सगळ्यात अशक्त सेल आधी बसतो आणि बाकीच्यांचा राग त्याच्यावर निघतो. मी वेष्टनावर नेलपॉलिशचे ठिपके देते: एका संचाला एक लाल, दुसऱ्याला दोन. धातूच्या टोकांना लावायचं नाही, तिथे वीज अडते.

बरेच दिवस वापरायचे नसतील तर ना पूर्ण भरून ठेवा ना पूर्ण उतरवून. निम्म्याच्या आसपास भरून, उन्हापासून दूर, सुट्या नाण्यांच्या आणि किल्ल्यांच्या संगतीत नाही. दोन-तीन महिन्यांनी आठवणीने बघा. गोठणाऱ्या थंडीत, शून्य अंशाखाली, चार्ज करू नका. आत लिथियमचा थर साचतो आणि सेल कायमचा बिघडतो.

फुगलेला, दबलेला, विचित्र गोडसर वास येणारा सेल संपला असं समजा. टोचून बघायचा मोह आवरा. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून तो जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा. कचऱ्याच्या डब्यात दाबला गेला तर तिथेच पेट घेऊ शकतो. माझ्याकडे अशांसाठी झाकणाची एक काचेची बरणी आहे, पट्टी लावलेले चार-पाच जमले की नेऊन देते. ती वरच्या फळीवर असते, कारण चपटे सेलही त्यातच जातात आणि आमच्याकडे दीड वर्षाचं नातवंड आहे. चपटा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, सरळ दवाखाना.