या चुका टाळा: वीज परत येते, होम लॅब मात्र उठत नाही

पुण्यात गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. सकाळी गेलेली वीज परत येते, फ्रिज गुरगुरायला लागतो, पंखे फिरतात, आणि कोपऱ्यातला सर्व्हर काळ्या स्क्रीनवर थांबलेला असतो. होम लॅब म्हणजे घरच्या एका खऱ्या संगणकावर (होस्ट) अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणं. त्यासाठी प्रॉक्समॉक्स किंवा साधं डेबियन लिनक्स आणि केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) वापरणाऱ्यांच्या कितीतरी अडचणी याच वेळी उघड्या पडतात. चूक केव्हाच होऊन गेलेली असते, दिसते ती रीबूटनंतर. म्हणून लॅब आज नीट चालते का, यापेक्षा कोणाचाही हात न लागता ती पुन्हा उभी राहते का, हे आधी पाहा.

होस्ट सुरू, व्हीएम बंद

ब्राउझरमध्ये प्रॉक्समॉक्सचं पान उघडतं, पण एकही व्हीएम चालू होत नाही. केव्हीएम उपलब्ध नाही, असा संदेश येतो. काल चालत होतं, मग आज काय झालं? अशा वेळी लोक थेट पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. कृपया थांबा. अनेक लॅब ऑफिसमधून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपवर उभ्या असतात आणि त्यांच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ बटनसेल संपलेला असू शकतो. मग वीज पूर्ण गेली की बायोस (मदरबोर्डचा मूळ प्रोग्रॅम) मूळ सेटिंगवर जातं आणि तिथे व्हर्चुअलायझेशन बंद असू शकतं. घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर निदान पक्कं समजा. सेल बदला, तो तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात काय, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. मग बायोसमध्ये व्हर्चुअलायझेशनची सेटिंग, म्हणजे इंटेलसाठी व्हीटी-एक्स किंवा एएमडीसाठी एसव्हीएम, चालू करा.

बायोसमध्ये गेलातच तर वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं, तेही ठरवून या. इथे अनेक जण ‘लास्ट स्टेट’ निवडतात आणि फसतात. यूपीएसने बॅटरी संपण्याआधी मशीन व्यवस्थित बंद केलं असेल तर शेवटची अवस्था ‘बंद’ हीच असते, त्यामुळे वीज आली तरी ते बंदच राहतं. ‘पॉवर ऑन’ निवडा.

याच्याही पुढची एक गाठ आहे. मशीन बंद झालं, पण यूपीएसमध्ये थोडी बॅटरी उरली होती आणि तेवढ्यात वीज आली. मशीनच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, मग ते चालू कशाला होईल? यासाठी एनयूटी म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्समध्ये शटडाउनच्या शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगण्याची सोय आहे. ती नीट लावा. त्यासाठी यूपीएसला यूएसबी पोर्ट हवा आणि त्याने ती आज्ञा पाळायला हवी, हे विकत घेतानाच विचारा. स्वस्तातल्या अनेक यूपीएसना तो पोर्टच नसतो, आणि असा यूपीएस सर्व्हरला फक्त काही मिनिटं उशिरा पाडतो.

शटडाउनला लागणारा वेळही मोजा. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएमला बंद व्हायला डीफॉल्टने १८० सेकंद देतं. एखादं व्हीएम शटडाउनच्या विनंतीला उत्तरच देत नसेल तर तेवढा वेळ बॅटरीवर जातो. लिनक्स व्हीएममध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (होस्टच्या विनंत्या ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) बसवा, आणि व्हीएमच्या ऑप्शन्समध्येही तो चालू करा. दुसरी पायरी हमखास राहून जाते.

एफस्टॅबमधली बाहेरची डिस्क

बॅकअपसाठी यूएसबी डिस्क लावली, एफस्टॅबमध्ये, म्हणजे बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये, ओळ घातली, काम झालं. पुढच्या बूटला त्या डिस्कचा अडॅप्टर सैल असतो, सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) सुमारे ९० सेकंद वाट पाहतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. नेटवर्क नाही, दुरून लॉगिन करायचं एसएसएच नाही, मॉनिटर माळ्यावर. अशा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा आणि एसडीबीसारख्या नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा स्वतःचा ओळखक्रमांक, वापरा, कारण ती नावं बूटगणिक बदलू शकतात.

एकच पत्ता दोघांना

सर्व्हरला हाताने आयपी पत्ता दिला, पण राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्या डीएचसीपी वाटपाच्या आतलाच निवडला. महिनोन् महिने काही होत नाही. मग वीज जाते, राउटर रीबूट होतो, आधी कोणाला काय दिलं होतं ते विसरतो आणि तोच पत्ता कोणाच्या तरी फोनला देतो. सर्व्हर कधी सापडतो, कधी नाही. असा लपंडाव दिसला की आधी हेच तपासा. पत्त्याचा शेवटचा आकडा बघा: वाटप समजा १०० पासून २०० पर्यंत असेल तर सर्व्हर १० ते ५० मध्ये ठेवा.

घराचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) पाय-होल या जाहिराती रोखणाऱ्या प्रोग्रॅमच्या व्हीएमवर असेल तर ते सर्वांत आधी सुरू होईल असा क्रम लावा, आणि ‘स्टार्ट ॲट बूट’ची खूण आहे ना ते बघा. नाहीतर सर्व्हर उठेपर्यंत घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद, आणि घरून काम करणाऱ्यांसाठी ही लहान गोष्ट नाही.

स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे

स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली अवस्था, त्याच डिस्कवर राहतो. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय थिन पूलमध्ये (लिहिलं जाईल तशीच जागा देणाऱ्या साठ्यात) २५६ जीबीच्या एसएसडीवर व्हीएमसाठी १०० जीबीच्या चार डिस्क सहज बनतात, आणि जुने स्नॅपशॉट ती जागा गुपचूप खातात. पूल भरला की व्हीएममध्ये लिहिण्याच्या चुका सुरू होतात, फाइलसिस्टिम बिघडू शकते. व्हीएमच्या आत जागा मोकळी दिसते, म्हणून संशय येत नाही. पूल होस्टवरूनच पाहा, व्हीएमच्या डिस्कला ‘डिस्कार्ड’ लावा आणि आत एफएसट्रिम नियमित चालू द्या, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळते. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि त्यातलं एखादं व्हीएम नव्या क्रमांकाने परत उभं करून बघा.

हे सगळं लावून झालं की एका सुट्टीच्या दिवशी, ताजा बॅकअप हाताशी ठेवून, यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करा. राउटरही बंद करा. यूपीएसला स्वतःहून मशीन बंद करू द्या, मग वीज चालू करा आणि कीबोर्डला हात न लावता फोनवरून प्रत्येक सेवा उघडून बघा.