पीएचपी ७.४ सोडण्याआधी

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये पीएचपीची (साइट ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते तिची) आवृत्ती बदलायला एक क्लिक लागतं, म्हणूनच लोक काहीही न बघता ते करून टाकतात. ७.४ ची मुदत, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याची, २८ नोव्हेंबर २०२२ ला संपली. तरीही कितीतरी लहान साइट्स त्यावरच रेटून चालल्या आहेत, कारण ज्याने साइट बांधली तो मुलगा आता फोन उचलत नाही. हलायचंच आहे तर ८.० किंवा ८.१ वर मुक्काम करू नका. पहिलीची मुदत २०२३ मध्येच सरली, दुसरीची २०२५ अखेरपर्यंतच होती. थेट ८.३ धरा; तिला ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत.

बॅकअप घ्या हे सांगायला नकोच: फाइल्स वेगळ्या, डेटाबेस वेगळा, आणि दोन्ही स्वतःच्या कॉम्प्युटरवर. मात्र कॉन्फिग फाइलची (साइटची सेटिंग्ज असतात तिची) प्रत नावापुढे ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ लावून सर्व्हरवरच ठेवायची खोड सोडा. सर्व्हर अशी फाइल बहुधा चालवत नाही. मागेल त्याला जशीच्या तशी दाखवतो, डेटाबेसच्या पासवर्डसकट.

मग सबडोमेनवर (मुख्य पत्त्याच्याच पोटातल्या वेगळ्या पत्त्यावर) साइटची दुसरी प्रत उभी करा, तिला पासवर्ड लावा आणि आवृत्ती आधी तिथे बदला. डेटाबेसचीही प्रत हवी, नाहीतर चाचणीच्या ऑर्डरी खऱ्या वहीत जाऊन बसतील. गिऱ्हाइकांना जाणारे मेल तिथे बंद ठेवा. एरर स्क्रीनवर दाखवू नका, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) लिहू द्या, आणि लॉग शेजारी उघडा ठेवून एकेक पान फिरा.

जे मोडतं ते लगेच दिसतं. जुन्या लूपमधलं ‘ईच’ (each) हे फंक्शन ८.० मध्ये काढून टाकलं आहे, नल (‘काहीच नाही’ असं मूल्य) मोजायला दिलं की ‘काउंट’ (count) थेट फेटल एरर, म्हणजे काम तिथेच थांबवणारी चूक, देतं. त्याची भीती नाही. भीती आहे ती न बोलता बदललेल्या गोष्टींची. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये नगांची चौकट रिकामी राहिली तर ‘नग बरोबर शून्य’ ही जुनी तपासणी ७.४ वर तिला अडवायची. ८.० पासून रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) आणि शून्य समान धरले जात नाहीत, त्यामुळे तीच ऑर्डर बिनबोभाट पुढे सरकते आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. म्हणून प्रत्येक फॉर्म रिकामा, चुकीचा आणि बरोबर असा तिन्ही तऱ्हांनी भरून बघा.

मराठी साइट असेल तर आणखी एक पान नक्की उघडा: लांब शीर्षकांची यादी. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ‘मराठी’ हा एवढासा शब्द १५ बाइट खातो. मजकूर कापणाऱ्या साध्या ‘सबस्ट्र’ (substr) फंक्शनने १०० बाइटवर शीर्षक कापलं तर सलग देवनागरीत ३३ चिन्हं पूर्ण येतात आणि चौतिसाव्याचा एक बाइट लोंबकळत राहतो. मजकूर पानावर दाखवण्याआधी सुरक्षित करणारं ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ (htmlspecialchars) ८.१ च्या आधी अशी तुटकी ओळ गिळून रिकामं काही परत करायचं. आता शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. उपाय बाइटऐवजी चिन्हं मोजणाऱ्या ‘एमबी’वाल्या फंक्शनचा (mb_substr), पण त्याला एमबीस्ट्रिंग हे एक्स्टेन्शन (पीएचपीला जोडायचा भाग) लागतं, आणि पुष्कळ पॅनेलांत एक्स्टेन्शनच्या टिका आवृत्तीगणिक वेगळ्या असतात. ७.४ ला केलेली टिक ८.३ ला आपोआप येईल असं धरू नका.

सेटिंग्जचंही तेच. अपलोडची मूळ मर्यादा २ एमबी, पोस्टची, म्हणजे फॉर्ममधून एकदम जाणाऱ्या सगळ्या माहितीची, ८ एमबी. पोस्टची मर्यादा ओलांडली की फॉर्म रिकामाच पोहोचतो, आणि माणूस म्हणतो, ‘मी तर सगळं भरलं होतं.’ टाइमझोन एशिया-कोलकाता आहे ना बघा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर पावत्यांवरची वेळ साडेपाच तास मागे पडते.

शेवटी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. त्यातल्या कमांडमध्ये पीएचपीचा पत्ता वेगळा लिहिलेला असतो, त्यामुळे साइट ८.३ वर आणि रात्रीचं काम अजून ७.४ वर असं सहज होतं. कमांड हाताने चालवून आवृत्ती वाचा. महिनाअखेरचं काम एकदा सुरळीत पार पडलं की चाचणीची प्रत पुसून टाका. तिच्यातही खऱ्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर आहेत.