पन्नासची लेन्स घेण्याआधी खोली मोजा

कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सनंतर मी घेतलेली पहिली लेन्स ५० एमएमची, सगळे सांगतात म्हणून. श्रावणात घरी कानबाई (आमची खानदेशी देवी) बसली, रात्री गाणी रंगली, आणि कानबाई नि समोर बसलेल्या बायका एकाच चौकटीत घ्यायला मी मागे सरकत गेलो. पाठ भिंतीला टेकली तरी फोटोत आली ती फक्त नथ आणि अर्धी समई. लेन्सचा काही दोष नव्हता, खोली दहा बाय दहाची होती.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ लेन्सची झूमची कडी ३५ वर आणा, चिकटपट्टी लावा आणि दिवसभर तसेच फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ५५ वर. कुठे अडचण होते ते दोन दिवसांत कळतं. शिवाय जुने शंभरेक फोटो उघडून प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे हाच एमएमचा आकडा, बघा. बहुतेक १८ वर असतील तर तुम्हाला रुंद लेन्स हवी, ५५ वर असतील तर लांबची.

थोडा हिशोब करू. किट लेन्सबरोबर मिळणाऱ्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान असतो, त्यामुळे ५० एमएमची चौकट कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी अरुंद होते. कॅमेरा उभा धरून एक माणूस नखशिखांत घ्यायचा तर कॅननवर ५० एमएमला साधारण तेरा फूट मागे जावं लागतं. निकॉनवर ३५ एमएमला नऊ फूट, कॅननवर २४ एमएमला साडेसहा. टेप घ्या आणि आपली बैठक मोजा. ओट्यावर, अंगणात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यापाशी ५० झकास चालते, एकट्याचा चेहरा तर फारच सुंदर येतो. घरातल्या कार्यक्रमांना मात्र निकॉनवाल्यांनी ३५ एमएम एफ/१.८ आणि कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ/२.८ बघावी. ही दुसरी इतकी चपटी आहे की लावलीय हे विसरायला होतं.

एफच्या पुढचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक (ॲपर्चर) किती उघडतं ते: आकडा लहान तेवढा उजेड जास्त. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, तिच्या जवळजवळ दहापट उजेड एफ/१.८ आत घेते. म्हणजे जिथे शटर १/१० सेकंद उघडं ठेवावं लागत होतं तिथे १/१०० चालतं. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीत पहाटेच्या अंधारात घुंगरू बांधून नाचणारी माणसं टिपायची तर चेहरा दिसणार की नुसता फराटा, हे यावरच ठरतं. लेन्सवरचं आयएस किंवा व्हीआर तुमच्या हाताचा कंप आवरतं, नाचणाऱ्याचे पाय नाही. पण एफ/१.८ वर फोकसची पट्टी फार बारीक असते. दोन रांगांत माणसं उभी असतील तर पुढची रांग लख्ख आणि मागची धूसर येते, तेव्हा एफ/४ किंवा त्याहून मोठ्या आकड्यावर जा.

सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे किंवा हतनूर धरणावरचे पक्षी हवे असतील तर प्रकरण वेगळं. दिवसा उजेडाची कमी नसते, म्हणून कॅननची ५५-२५० किंवा निकॉनची व्हीआरवाली ७०-३०० पुरते. पक्षी लांब असला तर ठिपकाच दिसेल, एवढं धरून चाला. कॅननची ७५-३०० आणखी स्वस्त मिळते, पण तिच्यात आयएस नाही. मी तरी घेणार नाही.

पैसे देण्याआधी जोड तपासा. कॅननच्या डीएसएलआरला ईएफ (लाल ठिपका) आणि ईएफ-एस (पांढरा चौकोन) बसतात, मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांची आरएफ बसत नाही. निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. त्यातही डी३१०० आणि डी३२०० वर एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही, हातानेसुद्धा नाही.

लग्नाचे फोटोग्राफर मिररलेसवर जाऊ लागल्यामुळे जुन्या लेन्स विक्रीला येतात. घ्या, पण आपली बॉडी सोबत न्या. मागून मोबाईलचा टॉर्च लावून पुढून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सरळ परत द्या. दोन-चार धुळीचे कण चालतात. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट लावून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ आले तर हरकत नाही, एकच कोपरा फार धूसर आला तर लेन्स बहुधा कधीतरी आपटलेली आहे. कॅननची लेन्स काढून ठेवली की तिच्या ॲपर्चरच्या पाकळ्या उघड्याच राहतात, त्यामुळे एफ/८, एफ/१६ वर फोटो काढूनच खात्री करा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांवर जातं, तेव्हा लेन्स बंद गाडीत ठेवू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, चामड्याच्या पाऊचमध्ये नको, त्यात ओल धरते. आणि कपाशीच्या वावरात वारा सुटला असेल तर लेन्स बदलायची ती गाडीत बसून, काचा वर करून, बॉडीचं तोंड खाली धरून.