कमरेचा डबा आणि खाणीतील धूर : सेल्फ रेस्क्यूअर कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडचा चंदगड या पट्ट्यात खाण म्हटले की दगडाची, खडीची किंवा बॉक्साइटची उघडी खाण डोळ्यांसमोर येते. तेथे दरड, सुरुंग आणि धूळ यांची भीती असते, पण श्वास घ्यायला हवाच नाही अशी वेळ सहसा येत नाही. याच भागातील एखादा तरुण रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या सोन्याच्या खाणीत किंवा चंद्रपूर-वणीकडच्या भूमिगत कोळसा खाणीत कामाला लागला, तर त्याच्या सोबत दिव्याखेरीज आणखी एक वस्तू खाली जाते : सेल्फ रेस्क्यूअरचा, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडताना श्वास घेण्याच्या उपकरणाचा, बंद डबा. हा डबा केवळ जिवंत बाहेर पडण्यासाठी असतो. तो लावून काम करायचे नसते, आग विझवायची नसते आणि अडकलेल्या सोबत्याला आणायला धुरात शिरायचेही नसते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आपल्याजवळचा डबा कोणत्या जातीचा आहे, हे प्रथम विचारून घ्यावे. जुन्या पद्धतीच्या गाळणीच्या डब्यात हॉपकलाइट नावाचे, मॅंगनीज आणि तांबे यांच्या ऑक्साइडांचे मिश्रण असते. ते कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करते. मात्र हा डबा नवा प्राणवायू तयार करीत नाही. भोवतालच्या हवेत पुरेसा प्राणवायू नसेल, तर गाळणी शाबूत असूनही माणूस कोसळतो. दुसऱ्या जातीचा डबा बाहेरची हवा घेतच नाही. त्यातील पोटॅशियम सुपरऑक्साइड आपल्याच उच्छ्वासातील ओलाव्याशी संयोग पावून प्राणवायू सोडते आणि त्यातून तयार झालेला क्षार कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. काही नमुन्यांत रसायनाऐवजी दाबाने भरलेला प्राणवायू असतो. धातूच्या खाणीत सुरुंगानंतरचे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे वायू, डिझेल यंत्रांच्या आगीचा धूर आणि बंद जुन्या भागांतील प्राणवायू उरलेला नसलेली मृत हवा असे सगळेच धोके असतात. त्यामुळे निवड करता येत असेल तेथे दुसऱ्या जातीचाच आग्रह धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डबा सतत जवळ का हवा आणि तो लगेच का लावायचा, हे कार्बन मोनॉक्साइडच्या स्वभावावरून कळते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास गेले, तर काही मिनिटांतच प्राण जातो. डोके जड होणे, पाय लटपटणे ही लक्षणे जाणवेपर्यंत विचारशक्ती मंदावलेली असते, म्हणून लक्षणांची वाट पाहणे हाच मोठा घात होय. ओला टॉवेल किंवा धुळीचा मास्क नाकावर धरल्याने धूळ अडते, हा वायू अडत नाही.

पाळी सुरू होण्यापूर्वी डबा हातात घेऊन सील तुटलेले नाही ना, झाकणाला पोचा पडलेला नाही ना, ओलावा किंवा उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा रंग बदललेला नाही ना, आणि मुदत संपलेली नाही ना, हे पाहावे. शंका आली तर तो डबा परत करून दुसरा घ्यावा. लॅम्प रूममधील, म्हणजे दिवे आणि डबे देण्याघेण्याच्या खोलीतील, माणूस कुरकुरला तरी चालेल. डबा कमरेच्या पट्ट्यालाच असावा. उष्णता होते म्हणून तो काढून यंत्रावर ठेवणे किंवा जेवताना त्यावर बसणे ही सवय फार दिसते, आणि आग लागते तेव्हा नेमका तोच डबा दोनशे फुटांवर राहिलेला असतो. प्रशिक्षण कन्नडमध्ये किंवा हिंदीत झाले आणि नीट समजले नाही, तर मान डोलावून सही करू नये. सरावाचा डबा मागून घ्यावा आणि डोळे मिटूनही तो लावता येईपर्यंत सराव करावा, कारण धुरात दिवा असून नसल्यासारखाच असतो.

धूर दिसला, जळका वास आला, धोक्याची सूचना मिळाली किंवा हवेचा झोत अचानक उलटा फिरल्याचे जाणवले, की जागच्या जागी थांबावे आणि डबा आधी लावावा, चालणे त्यानंतर. गुडघ्यांवर बसून डबा पोटाशी धरावा, कडी ओढून झाकण काढून टाकावे आणि गळ्यातील पट्टा डोक्यावरून घालावा. प्राणवायूच्या डब्यात सुरुवातीची कळ ओढताच श्वासाची पिशवी फुगू लागते. कळ ओढूनही पिशवी फुगली नाही, तर प्रशिक्षणात दाखवल्याप्रमाणे उच्छ्वास आत सोडून ती भरावी. त्यानंतर रबरी मुखनळी ओठ आणि हिरड्यांच्या मध्ये बसवून तिच्यावरील रबरी उंचवटे दातांत पकडावेत, नाकाला चिमटा लावावा, चष्मा असल्यास चढवावा आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालून पट्टे आवळावेत. नमुन्यानुसार हा क्रम थोडा बदलतो, परंतु मुखनळी आणि नाकचिमटा या दोन गोष्टी कोणत्याही नमुन्यात टळत नाहीत.

श्वासाबरोबर येणारी हवा गरम आणि कोरडी लागते. गाळणीच्या डब्यात तर ही उष्णता म्हणजे बाहेर विषारी वायू आहे आणि डबा त्याचे काम करतो आहे याचीच खूण असते. तोंड भाजल्यासारखे वाटते म्हणून मुखनळी काढणारे आणि सोबत्याला दोन शब्द सांगण्यासाठी ती बाजूला करणारे, दोघेही त्याच श्वासाने पडू शकतात. बोलणे हाताच्या खुणांनी आणि दिव्याच्या हालचालीने करावे. लाळ साठली तर गिळावी. पिशवी अंगाखाली किंवा सामानाखाली दाबली जाऊ देऊ नये.

डब्यावर लिहिलेली मिनिटे ही ठरावीक श्रमासाठी मोजलेली असतात. धावणाऱ्या माणसाला ती कमी पुरतात, स्वस्थ बसलेल्याला कितीतरी जास्त. म्हणून एका लयीत, झपाझप पण धाप न लागता चालावे. श्वास ओढणे जड झाले तर डबा संपला असे समजून तो फेकू नये, तर वेग कमी करून क्षणभर थांबावे. वाट शक्य तो ताज्या हवेच्या मार्गाने, म्हणजे झोत जिकडून तोंडावर येतो त्या दिशेने धरावी; परंतु आग त्याच बाजूला असेल तर धूरही तिकडूनच येतो, आणि मग जोडमार्गाने दुसऱ्या वाटेला लागावे लागते. भूमिगत खाणीला बाहेर पडण्याच्या दोन स्वतंत्र वाटा ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. ही दुसरी वाट संकटाच्या दिवशी शोधता येत नाही. ओव्हरमनला किंवा मेटला, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्याला, सांगून एखाद्या शांत पाळीत ती चालून पाहावी.

वर आल्यावर खाली जाताना घेतलेला हजेरीचा बिल्ला परत करावा, नाहीतर मोजदादीत आपण खालीच राहतो आणि बचावपथक आपल्या शोधात धोक्यात जाते. वापरलेला डबा लॅम्प रूममध्येच द्यावा, कारण उरलेले सुपरऑक्साइड पाण्याशी किंवा तेलाशी गाठ पडली की पेट घेऊ शकते. दवाखान्यात गेल्यावर धुरात सापडल्याचे आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तालाही चांगले आकडे दाखवते. सुरुंगाचा पिवळट-तांबूस धूर घेतलेल्या माणसाची फुप्फुसे काही तासांनंतर पाण्याने भरू शकतात, म्हणून त्याला बरे वाटते आहे एवढ्यावरून घरी पाठवू नये.

गावात विहिरीत कोणी गुदमरून पडले की सुट्टीत गावी आलेला खाणकामगार हा डबा किंवा त्याची आठवण घेऊन तिकडे धावतो, म्हणून त्याविषयीही लिहिणे भाग आहे. तळाशी डिझेल इंजिन चाललेल्या विहिरीत कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, तर बंद पडलेल्या खोल विहिरीत, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात जड वायू तळ धरून प्राणवायूला हाकलतात. तेथे गाळणीचा डबा निरुपयोगी आहे. प्राणवायूचा डबासुद्धा चढून बाहेर येण्यासाठी आहे, उतरून दुसऱ्याला ओढण्यासाठी नव्हे. एक माणूस पडला की त्याला काढायला भाऊ उतरतो आणि भावाला काढायला शेजारी. ही साखळी काठावरच तोडावी : कोणालाही उतरू देऊ नये, इंजिन बंद करता येत असेल तर वरूनच करावे, ११२ ला फोन करून आत माणूस आणि वायू दोन्ही आहेत असे सांगावे आणि पथक येईपर्यंत वरून ताजी हवा सोडत राहावी. आतला माणूस शुद्धीवर असेल तर दोर सोडून तो त्याला स्वतः काखेखाली बांधायला सांगावा.