नौदलातले वरिष्ठ हुद्दे : कुणाला काय म्हणायचं, काय लिहायचं

पुण्यात एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा एसएसबीची (अधिकारी निवडीची मुलाखत) तयारी करणाऱ्यांना लष्कराचे हुद्दे चटकन जमतात. कॅम्पात ते रोज दिसतात. नौदलाशी गाठ पडली की गडबड होते आणि ती बहुतेक वेळा 'कॅप्टन'पासून सुरू होते. लष्करातला कॅप्टन हा दोन वर्षं नोकरी झालेला तरुण अधिकारी, तर नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. लष्करी कॅप्टनच्या तोडीचा नौदलातला हुद्दा आहे लेफ्टनंट. तिन्ही दलांच्या एकत्रित कागदपत्रांत म्हणूनच हुद्द्यापुढे कंसात 'आयएन' (इंडियन नेव्ही) लिहिलेलं दिसतं. व्यापारी जहाजावरच्या कॅप्टनचा या उतरंडीशी संबंध नाही.

क्रम असा: सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल. लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर आणि कमांडर हे तिन्ही हुद्दे अटी पूर्ण असतील तर 2, 6 आणि 13 वर्षांच्या सेवेनंतर मिळतात. कॅप्टनपासून निवड मंडळ बसतं आणि खरी चाळणी तिथेच लागते. निवड न झालेल्यांना 26 वर्षांनी 'टाइम स्केल' कॅप्टन होता येतं.

कमोडोर म्हणजे एक तारा, ब्रिगेडियरच्या बरोबरीचा. हवाई दलात हाच दर्जा 'एअर कमोडोर'चा, त्यामुळे घाईत 'एअर' गाळलं की माणूस दुसऱ्याच दलात जातो. रिअर ॲडमिरल दोन तारे (मेजर जनरल), व्हाइस ॲडमिरल तीन (लेफ्टनंट जनरल), ॲडमिरल चार (जनरल). रिअर ॲडमिरल आणि त्यावरच्यांना फ्लॅग ऑफिसर म्हणतात. कमोडोर त्यात धरत नाहीत. बोलताना तिघांनाही 'ॲडमिरल' म्हटलं तरी चालतं, लिहिताना मात्र हुद्दा पूर्ण हवा. मुलाखतीत उमेदवाराने यात पडूच नये, 'सर' किंवा 'मॅम' पुरतं. 'व्हाइस ॲडमिरल'चं 'उप-ॲडमिरल' करणं तर कटाक्षाने टाळावं, असा शब्द कुणी वापरत नाही.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ते: हुद्दा वेगळा, पद वेगळं. 'नौदलप्रमुख' हे पद आहे. आज त्यावर ॲडमिरल असतात, पण 1962 ते 1966 प्रमुख असलेले भास्कर सोमण व्हाइस ॲडमिरल होते. पूर्ण ॲडमिरलचा हुद्दा प्रमुखांना 1968 मध्ये मिळाला. सोमण यांच्या नावामागे 'ॲडमिरल' लावणारे लेख अजून सापडतात. 'कमांडिंग ऑफिसर' हेही पदच. लहान युद्धनौकेचा प्रमुख कमांडर असू शकतो, आणि 2022 मध्ये 'विक्रांत' नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर कमोडोर होते. मुख्यालयात व्हाइस चीफ आणि डेप्युटी चीफ अशी दोन वेगळी पदं आहेत. मराठीत दोन्हींचं 'उपप्रमुख' होतं आणि बातमीत एकाच्या जागी दुसरा छापला जातो. तिथे इंग्रजी पदनामच ठेवलेलं बरं.

खास पुणेकरांची चूक म्हणजे 'सदर्न कमांड'. आपल्या कॅम्पातली ती लष्कराची. नौदलाची सदर्न नेव्हल कमांड कोचीला, वेस्टर्न मुंबईला, ईस्टर्न विशाखापट्टणमला. तिन्हींवर व्हाइस ॲडमिरल असतात. खडकवासल्याच्या एनडीएचे कमांडंट तीन ताऱ्यांचे, पण कोणत्याही दलाचे असू शकतात. त्यामुळे नाव लिहिण्याआधी दल तपासा, गेल्या वर्षीचं निमंत्रण बघून हुद्दा उतरवू नका. एएफएमसीतून (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) बाहेर पडलेल्या नौदलाच्या डॉक्टरांच्या हुद्द्याआधी 'सर्जन' लागतं, जसं सर्जन कमांडर किंवा सर्जन व्हाइस ॲडमिरल. ते शल्यविशारद असतीलच असं नाही.

निवृत्तीनंतर हुद्दा जात नाही, पद जातं. म्हणून 'व्हाइस ॲडमिरल अमुक (निवृत्त)' बरोबर, 'माजी व्हाइस ॲडमिरल' चूक. 'माजी नौदलप्रमुख' मात्र अगदी योग्य.