बकेट उचलताच लोडरचं स्टेअरिंग जड: दोष प्रायॉरिटी व्हॉल्व्हमध्ये

व्हील लोडरचं स्टेअरिंग एरवी हलकं, पण कमी आरपीएमवर बकेट उचलली की जड. तेल-फिल्टर बदलले, ऑर्बिट्रोलला (स्टेअरिंग चाकाखालचा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह) सील किट टाकलं. आठवडा वाया गेला.

पंपाचं तेल आधी स्टेअरिंगला देणं हे प्रायॉरिटी व्हॉल्व्हचं काम. त्याच्या एलएस (लोड सेन्सिंग, म्हणजे स्टेअरिंगकडून प्रेशरचा सिग्नल आणणाऱ्या) लाइनचं बारीक छिद्र बुजलं की स्टेअरिंगची मागणी त्याला कळतच नाही, तेल बकेटकडे जातं.

बकेट जमिनीवर टेकवली, लोडरच्या मधल्या वळणाऱ्या सांध्याला लॉकिंग बार लावला, इंजिन बंद, स्टेअरिंग दोन्हीकडे हलवून प्रेशर उतरवलं. एलएस होज काढली, मग व्हॉल्व्हचा प्लग, स्प्रिंग, स्पूल (आतला सरकता दांडा). छिद्र डिझेल आणि हवेने साफ केलं. तार घालू नका, छिद्र मोठं होईल. तेल लावलेला स्पूल स्वतःच्या वजनाने सरकलाच पाहिजे. नवीन ओ-रिंग टाकून जोडलं. बार काढून आयडलवर स्टेअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवलं, टोकाला न दाबता, हवा निघेपर्यंत. शेवटी तेलाची पातळी पाहिली.